ग्राफचे चौकोन आणि चित्रकलेचा तास

सोलापुरी चादरीवरचा मोर आधी कागदावर जन्मतो. बारीक चौकोनांच्या ग्राफवर. उभी ओळ म्हणजे ताण्याचा धागा, आडवी ओळ म्हणजे बाण्याचा. चौकोन रंगवला की तिथं पुठ्ठ्याच्या पट्टीला भोक पडतं. त्या भोकामुळे जकार्ड, म्हणजे मागावर बसवलेलं नक्षी विणण्याचं यंत्र, तो उभा धागा नेमका उचलतो. एका आडव्या धाग्याला एक पट्टी, अशा शेकडो पट्ट्या दोरीनं ओवून माळ केली की वीतभर पिसारा विणला जातो. एक चौकोन चुकला तर ती चूक प्रत्येक चादरीत उमटते. आता हे काम बरंचसं कॉम्प्युटरवर होतं, पण चौकोन तेच आहेत.

शाळेतल्या चित्रकलेचा इतिहास सांगायला इथूनच सुरुवात करावी लागते, कारण चित्रकला आपल्या शाळेत आली ती 'मुलांची सर्जनशीलता' वगैरेसाठी नव्हे. 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनात हिंदी कारागिरीचं फार कौतुक झालं. दोनच वर्षांनी मुंबईत जमशेटजी जीजीभॉय यांनी कलाशाळेसाठी 1 लाख रुपये देऊ केले आणि 1857 मध्ये तिथं चित्रकलेचे वर्ग सुरू झाले. उद्देश सरळ होता: कारागिराचा हात आणि डोळा तयार करायचा. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांवर त्याची छाप अजून दिसते. समोरचा तांब्या आणि केळी हुबेहूब काढा, स्मरणानं बाजार काढा, दिलेल्या आकारात नक्षी भरा, मग भूमिती आणि अक्षरलेखन. कर्तव्यभूमितीच्या पेपरात कंपासचं टोक घसरून कागद फाटला, ही आठवण नसलेला परीक्षार्थी विरळाच.

सोलापूरला तर हे चपखल बसायला हवं होतं. 1870 च्या दशकात इथं कापडगिरण्यांची सुरुवात झाली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी पूर्व भागात घरोघरी माग मांडले. पण नक्षीचं शिक्षण मागावरच, बापाकडून नाहीतर मास्तरकडून होत राहिलं. शाळेतला नक्षीकामाचा पेपर वेगळा, घरातला ग्राफ वेगळा. या दोन्हींची गाठ घालून देणारं फारसं कुणी भेटलं नाही, हे मला या सगळ्या कहाणीतलं मोठं नुकसान वाटतं.

1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली: हस्तोद्योगातूनच भाषा, गणित, सगळं शिकवायचं. त्यात मुलांच्या हाती प्रामुख्यानं टकळी आली. गिरण्यांच्या भोंग्यावर उठणाऱ्या गावात टकळीवर सूत काढायचं, यातली गंमत तेव्हाच्या मुलांना कळली असणारच. स्वातंत्र्यानंतर ही कल्पना कार्यानुभवाच्या तासापुरती उरली.

मग भाषा बदलली. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं दहावीपर्यंत कला हा नियमित विषय मानावा असं म्हटलं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं कला-विज्ञान, अभ्यासक्रम-सहशालेय अशा भिंतीच नकोत असं लिहिलं. प्रत्यक्षात महाराष्ट्रात पालकांच्या तोंडी राहिले ते वाढीव गुण: इंटरमिजिएटला अ श्रेणी असेल तर दहावीत 7, ब ला 5, क ला 3. गुण मिळतात म्हणून मुलं परीक्षेला बसतात, हे वाईट नाही; निदान ब्रश तरी हातात येतो. पण शहरातल्या क्लासचालकांनी ठरावीक स्मरणचित्रं घोटून घ्यायला सुरुवात केली, तीही याच गुणांसाठी.

शिकवणार कोण, हा प्रश्न त्याहून जुना. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानं सहावी ते आठवीत 100 हून जास्त मुलं असतील तरच कलेसाठी अंशकालीन निदेशक ठेवला. करमाळा, मंगळवेढ्याकडच्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळांचा पट शंभरीला टेकतच नाही. तिथं चित्रकलेचा तास वर्गशिक्षकच घेतात. बऱ्याचदा शनिवारी, आणि गणिताचा धडा मागे पडला नसेल तर.