मोजमापांचे प्रमाणीकरण

लांबी, वजन, धारकता व क्षेत्रफळ यांच्या एककांची मूल्ये राज्यसत्तेने किंवा आंतरराष्ट्रीय कराराने ठरवून देणे आणि व्यवहारातली मापे त्यांच्याशी पडताळत राहणे, या व्यवस्थेला मोजमापांचे प्रमाणीकरण म्हणतात. एकक एका हुकमाने ठरते. बाजारातले प्रत्येक माप त्याच्याशी जुळते ठेवणे हे मात्र कधीच न संपणारे काम आहे आणि व्यवस्थेची खरी कसोटी तिथेच लागते.

भारतात या कामाला मोठा इतिहास आहे. सिंधू संस्कृतीच्या दूरदूरच्या नगरांत चर्ट दगडाची घनाकृती वजने सापडली आहेत. ती १, २, ४, ८, १६ अशा दुपटीने वाढतात आणि त्यांपैकी सोळाच्या टप्प्यावरचे वजन सुमारे १३.७ ग्रॅम भरते. कौटिलीय अर्थशास्त्रात वजनमापांसाठी पौतवाध्यक्ष हा स्वतंत्र अधिकारी सांगितला असून मापांची तपासणी दर चार महिन्यांनी व्हावी, असा नियम आहे.

महाराष्ट्रात धान्य तोलण्यापेक्षा मापून देण्याची चाल होती. दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली. पायलीपर्यंतची ही वाटणी तोंडी हिशेबाला सोयीची होती. अडचण पुढे येई. मण कुठे बारा पायल्यांचा, तर कुठे सोळा पायल्यांचा. वीस मणांची खंडी धरली, तरी एका ठिकाणची खंडी दुसरीकडच्या खंडीएवढी भरतच नसे. शिवाय माप शिगेने भरायचे की सपाट, हा प्रश्न असे. शीग म्हणजे मापाच्या काठावर उभा राहणारा दाण्यांचा ढीग. दोन पायल्यांत आत तेवढेच दाणे मावत असले, तरी रुंद तोंडाच्या पायलीवर शीग मोठी बसते. दाणा कोणता, तो किती उंचावरून ओतला, पायली हलवली की नाही, यावरही फरक पडतो. साहजिकच माप ज्याच्या हातात, त्याला देताना सपाट आणि घेताना शिगेने मोजायची संधी मिळे. कर्जाऊ दाणे नेणाऱ्या कुळाच्या दृष्टीने हा फरक किरकोळ नव्हता.

वजनी मणाचीही तीच गत होती. एकोणिसाव्या शतकात मुंबईचा मण २८ पौंडांचा (सुमारे १२.७ किलो), मद्रासचा २५ पौंडांचा आणि बंगालचा ८२ पौंडांहून थोडा जास्त, म्हणजे सुमारे ३७.३ किलोंचा होता. नाव एक आणि माल तिप्पट, अशा स्थितीत लांबच्या बाजारातले भाव ताडून पाहणे शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे होते.

जमिनीच्या बाबतीत शिवकाळातला प्रयत्न मुद्दाम नोंदवण्यासारखा आहे. सभासद बखरीनुसार मोजणीची काठी पाच हात पाच मुठींची ठरवण्यात आली. पण हात कोणाचा, हा प्रश्न उरतोच. म्हणून हातही चौदा तसूंचा (तसू हे लांबीचे जुने लहान एकक) बांधून दिला आणि मुठी धरून संपूर्ण काठी ब्याऐंशी तसूंची झाली. वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद तो बिघा, आणि १२० बिघ्यांचा चावर. शेतसारा जमिनीच्या मोजणीवर बसत असल्यामुळे, काठी बांधून देणे म्हणजे मोजणाऱ्याच्या मर्जीवर बंधन घालणे होते. या निर्णयाचे मोल त्यात आहे.

इंग्रजी अमलात १८३३ साली बंगालमध्ये १८० ग्रेनचा (ग्रेन हे इंग्रजी वजनाचे लहान एकक) तोळा, ८० तोळ्यांचा शेर आणि ४० शेरांचा मण अशी रीत ठरली. १८७१ साली शेर किलोग्रॅमएवढा करण्याचा कायदा झाला, पण तो अमलात आला नाही. मुंबई इलाख्याने १९३२ मध्ये स्वतःचा वजनमापांचा कायदा केला. स्थानिक मापे तरीही चालूच राहिली.

दशमान पद्धतीचा जन्म फ्रेंच राज्यक्रांतीतला. उत्तर ध्रुव ते विषुववृत्त या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर, असे ठरवून डन्कर्क ते बार्सिलोना या रेखावृत्ताची मोजणी झाली आणि १७९९ मध्ये प्लॅटिनमचे मीटर व किलोग्रॅम तयार झाले. २० मे १८७५ रोजी सतरा देशांनी पॅरिसमध्ये मीटर करारावर सह्या केल्या. आता मीटर प्रकाशाच्या वेगावरून ठरतो आणि २० मे २०१९ पासून किलोग्रॅमही प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे भौतिकशास्त्रातल्या एका न बदलणाऱ्या मूल्यावर, बांधला आहे. धातूच्या ठोकळ्यावर तो अवलंबून नाही.

स्वतंत्र भारताने सुरुवात नाण्यांपासून केली. सोळा आण्यांचा, चौसष्ट पैशांचा रुपया १ एप्रिल १९५७ पासून शंभर नव्या पैशांचा झाला. वजनमापांचा कायदा १९५६ चा. ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने आली आणि १९६२ पर्यंत व्यापारात सक्तीची झाली. निरक्षरता मोठी असलेल्या देशाने हा बदल इतक्या थोड्या वर्षांत पार पाडला, याचे श्रेय पुरेसे दिले जात नाही.

सध्या २००९ चा वैधमापन कायदा लागू आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील राष्ट्रीय प्रमाणांशी खालच्या पातळीवरची प्रमाणे जुळवली जातात आणि त्यांच्याशी निरीक्षक दुकानातली वजने ताडून पाहतो. प्रमाण वजने घडवण्याचे काम मुंबईच्या सरकारी टांकसाळीतही होते. दुकानातल्या षटकोनी लोखंडी वजनाला एक खळगा असतो. त्यात शिसे भरलेले असते. वजन बरोबर ठरले की त्या मऊ शिशावर शिक्का उठवतात. लोखंडी वजने व तराजू दर दोन वर्षांनी आणि इलेक्ट्रॉनिक काटे दरवर्षी तपासून घ्यावे लागतात. ग्राहकाने शिक्क्याची तारीख पाहणे हा त्याचा हक्क आहे. पारड्याखाली पासंग (तोल साधण्यासाठी अडकवलेले जादा वजन) लावलेला तराजू दिसला, तर तक्रारही करावी.

जुनी एकके बोलण्यात टिकून आहेत. सोन्याचा तोळा ११.६६ ग्रॅमचा होता, सराफ बाजारात आता बहुधा १० ग्रॅमला तोळा म्हणतात. वाळू-खडी ब्रासने विकली जाते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. जमिनीचा भाव गुंठ्याने ठरतो. ३३ फुटांच्या, सोळा आण्यांच्या (म्हणजे सोळा भागांच्या) शंकू साखळीने मोजलेला ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद तुकडा म्हणजे गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. सातबाऱ्यावर मात्र क्षेत्र हेक्टर व आर यांत लिहितात. आर १०० चौरस मीटरचा असतो आणि गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा, त्यामुळे दोन्ही एकच समजून केलेल्या सौद्यात हेक्टरमागे एक गुंठ्याहून जास्त फरक पडतो.