पेशी जातात, जाळं उरतं

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. गच्चीवर घातलेल्या कुरडया बघता बघता खणखणीत वाळतात. मग नागपूरजवळच्या जुनापाणीच्या शिळावर्तुळांत, इसवी सनापूर्वीच्या त्या दफनांत, एखादी नैसर्गिक ममी का मिळू नये? विदर्भातल्या अशा दफनांत हाडं, मणी, मडकी, लोखंडी हत्यारं सापडतात; कातडी आणि स्नायू नाहीत. कारण आपला पावसाळा. वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि ओल धरून ठेवणारी काळी माती! त्यांच्यापुढे उन्हाळ्याचे तीन महिने काहीच नाहीत.

मृत्यूनंतर पेशींना आधी त्यांचीच विकरं (एन्झाइम) पचवू लागतात, मागोमाग आतड्यातले जीवाणू पसरतात. दोघांनाही पाणी लागतं. शुद्ध पाण्याची उपलब्धता १ धरली, तर बहुतेक जीवाणूंना ०.९ च्या वर हवी असते, ०.६ च्या खाली बुरशीसुद्धा वाढत नाही. शरीर सडण्याआधी ही पातळी गाठली गेली, तर ते टिकतं. इजिप्तमध्ये गेबेलीनच्या तापलेल्या वाळूत सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वी पुरलेला तरुण असाच टिकला, कोणताही मसाला न लावता. आपल्याकडे स्पीती खोऱ्यातल्या ग्यू गावातल्या एका बौद्ध भिक्षूंचा देह जवळपास पाचशे वर्षांनंतरही बसलेल्या स्थितीत आहे. तिथे थंडी आणि कोरडी हवा दोन्ही कामाला आल्या.

बाहेरून चेहरा ओळखता येतो, म्हणून आत सगळं शाबूत असेल असं वाटतं. सूक्ष्मदर्शक वेगळंच सांगतो.

तपासणीची रीत नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो रुग्णालयात बायोप्सीचा तुकडा तपासतात तशीच: पॅराफिन मेणात बसवायचं, काही मायक्रोमीटर जाडीचे काप काढायचे, रंगवायचे. फक्त त्याआधी एक नाजूक पायरी असते. वाळलेला तुकडा कापला तर भुगा होतो. म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ममींचा अभ्यास करणाऱ्या मार्क आर्मंड रफर यांनी अल्कोहोल, पाणी आणि सोडियम कार्बोनेटचं द्रावण वापरून ऊती पुन्हा मऊ केली. त्याच रीतीने १९१० मध्ये त्यांना इजिप्तच्या ममींच्या मूत्रपिंडात रक्तातल्या परजीवी कृमीची अंडी दिसली. तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचं दुखणं काचपट्टीवर दिसावं, याचं मला आजही नवल वाटतं.

नेहमीच्या रंगांत जिवंत ऊतीची केंद्रकं निळी-जांभळी उठून दिसतात. ममीत ती बहुधा नसतातच. नुसता गुलाबी पसारा. पण कोलॅजन, म्हणजे ऊतीला बांधून ठेवणारं तंतुमय प्रथिन, रंगवणारा ट्रायक्रोम नावाचा रंग वापरला की तंतूंचे जुडगे पुन्हा स्पष्ट होतात. कोलॅजनच्या तीन साखळ्या पिळून एकमेकींना बांधलेल्या असतात, आणि साधी विकरं त्यांना सहज तोडू शकत नाहीत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कोलॅजनवरचे ठरावीक अंतराचे, साधारण ६७ नॅनोमीटरचे पट्टेही कित्येकदा तसेच मिळतात. म्हणून त्वचेचा खालचा थर, स्नायुबंध, कूर्चा टिकतात. विकरांनी भरलेलं स्वादुपिंड मात्र फार लवकर विरघळतं. फुप्फुसाचा आकार हरवला तरी चुलीच्या धुराची काजळी तिथेच राहते, कारण कोणताच जीवाणू तिला पचवत नाही. आल्प्सच्या बर्फात १९९१ मध्ये सापडलेल्या, ५,३०० वर्षं जुन्या ओत्झी नावाच्या ममीच्या फुप्फुसातही ती आहे.

फसगतही होते. नंतर शिरलेल्या बुरशीचे धागे चेतातंतूंसारखे दिसतात, बीजाणू रक्तपेशी वाटतात. त्यामुळे ओत्झीच्या जखमेतल्या गोल आकारांना संशोधकांनी लगेच रक्तपेशी म्हटलं नाही. बारीक टोकाने पृष्ठभाग चाचपणाऱ्या अणुबल सूक्ष्मदर्शकाने त्यांचा मधला खोलगटपणा मोजला, विखुरलेल्या प्रकाशावरून रेणू ओळखणाऱ्या रामन वर्णपटाने हिमोग्लोबिनची खूण शोधली आणि २०१२ मध्ये त्या तांबड्या पेशीच असल्याचं जाहीर केलं. प्रत्येक कापामागे त्या माणसाच्या देहाचा एक तुकडा कायमचा खर्ची पडतो. म्हणूनच सीटी स्कॅन आधी करतात आणि नमुना घेण्याची सुई कुठे घालायची हे त्यावरून ठरवतात.