मॉडेल रेल्वे : मांडणीची आखणी आणि सल्ला

मॉडेल रेल्वेच्या छंदात रूळ, सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे जोड), स्थानके आणि भोवतालचा देखावा यांच्या एकत्र रचनेला मांडणी किंवा लेआउट म्हणतात. फळीवर पहिला रूळ ठोकण्याआधी आपला नकाशा इतर हौशी मंडळींपुढे ठेवायचा आणि त्यावर मनमोकळी चर्चा करायची, ही या छंदातली फार चांगली रीत आहे. कागदावरची रेघ खोडता येते. खडी चिकटवलेला रूळ उखडताना जीव हळहळतो.

नवखा बहुधा विचारतो, ‘एवढ्या जागेत किती रूळ बसतील?’ जाणकार त्यावर उलट प्रश्न करतात. खोली केवढी, दार कुठे उघडतं, गाडी नुसती धावताना पाहायची की डबे काढून-जोडून शंटिंग करायचं? अमेरिकी आखणीकार जॉन आर्मस्ट्राँग यांनी या विचारपुशीला शिस्त लावली : न हलणाऱ्या अटी एका यादीत, मनातल्या आवडी दुसऱ्या यादीत, आणि मग पेन्सिल हातात.

सर्वांत जास्त चर्चा १२२ × २४४ सेंमीच्या अख्ख्या प्लायवूडवर होते. एचओ प्रमाणात (खऱ्याच्या १:८७, गेज म्हणजे दोन रुळांतलं अंतर १६.५ मिमी) त्यावर वळणाची त्रिज्या जेमतेम ५६ सेंमी मिळते. ८५ फुटी प्रवासी डबा या प्रमाणात सुमारे ३० सेंमी लांब असतो, आणि वळणाची त्रिज्या डब्याच्या तिप्पट, म्हणजे ९० सेंमी असावी असा ठोकताळा आहे. त्यामुळे अशा फळीसाठी आखूड डबे घ्या, नाहीतर एन प्रमाण (१:१६०) निवडा, असं सांगितलं जातं. एनमध्ये तोच डबा १६ सेंमीचा होतो आणि ४८ सेंमीच्या वळणावर सुखाने चालतो. हाताची पोहोच ६० ते ७५ सेंमी असल्याने ही फळी भिंतीला लांब बाजूने टेकवता येत नाही. दोन्हीकडे ६० सेंमीची वाट सोडली की १२२ चे २४२ सेंमी होतात. एवढी जागा असेल तर भिंतीलगत अरुंद फळ्या लावणं बहुतेक वेळा अधिक चांगलं; वळणं मोठी मिळतात.

चढाचंही तसंच. एका रुळावरून दुसरा न्यायला एचओमध्ये पुलाच्या जाडीसह साधारण ८ सेंमी उंची लागते. शेकडा २ चढाने तेवढं चढायला ४ मीटर आणि उतरायला आणखी ४ मीटर. त्या प्लायवूडवरचा पूर्ण फेरा मात्र ६ मीटरच्या आसपास भरतो!

खात्री करायचा उत्तम उपाय जमिनीवरचा. जुनी वर्तमानपत्रं जोडून पसरायची, दोरी-पेन्सिलने खऱ्या मापाचं वळण काढायचं आणि त्यावर सर्वांत लांब डबा ठेवून बघायचा. त्याचा मधला भाग आत किती झुकतो, शेजारच्या गाडीला घासेल का, हे लगेच दिसतं. उलटसुलट वळणं लागून आली असतील तर मध्ये किमान एका डब्याएवढा सरळ रूळ हवा, नाहीतर कपलिंग (डबे जोडणारी आकडी) ओढली जाऊन डबे घसरतात. गाडी फिरून उलट तोंडाने परतणारा फास नकाशात असेल तर डावा-उजवा रूळ दोन रंगांनी रंगवावा, कारण गाडीला वीज या दोन रुळांतूनच मिळते. दोन रंग जिथे भिडतात तिथे शॉर्ट सर्किट होणार. तेवढा तुकडा दोन्ही टोकांना फट ठेवून विजेच्या दृष्टीने वेगळा करावा लागतो.

जागा अगदीच थोडी असेल, तर ब्रिटनमधील अ‍ॅलन राइट यांचं ‘इंगलनूक’ कोडं सुचवलं जातं. अरुंद फळी, दोन सांधे, आणि ५, ३ व ३ डबे मावतील अशा तीन साइडिंग (डबे उभे करायचे बाजूचे रूळ). आठ डब्यांतून चिठ्ठ्या टाकून पाच निवडायचे आणि त्याच क्रमाने जोडायचे. असे ६,७२० क्रम निघतात.