आईला बघून मूल तोंड का फिरवतं?

पाचपाखाडीतल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर पाळणाघर आहे. संध्याकाळी सात-साडेसातला ठाणे स्टेशनच्या गर्दीतून वाट काढत आया पोरांना न्यायला येतात. परवा दीड वर्षाच्या एका मुलीने आईकडे नुसतं पाहिलं आणि मान फिरवून ठोकळे आपटत बसली. "हिला आईचं काही नाही, बापाची लाडकी ना!" शेजारच्या आजी म्हणाल्या. आईचा चेहरा उतरला. मला राहवेना.

मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी अमेरिकेत बाल्टिमोरला वर्षाच्या आसपासच्या बाळांवर एक प्रयोग केला. अनोळखी खोली, खेळणी, एक परकी बाई. आई थोडा वेळ बाहेर जाते, परत येते. मूल किती रडलं यापेक्षा आई परतल्यावर त्याने काय केलं, हे त्या टिपत. बरीचशी बाळं बिलगून शांत होत आणि पुन्हा खेळायला लागत. काही बिलगूनही रडत राहत. काही मात्र आईकडे बघतच नसत.

ही बाळं निर्धास्त दिसतात. पण १९७७ साली स्राउफ आणि वॉटर्स या संशोधकांनी अशा प्रयोगातल्या बाळांच्या हृदयाच्या ठोक्यांबद्दल लिहिलं, आणि मला हाच भाग फार आवडतो. मूल एखादी वस्तू मन लावून निरखतं, तेव्हा मेंदूकडून हृदयाकडे येणारी व्हेगस नस हृदयाला लगाम घालते आणि ठोके मंदावतात. खरा खेळ असा ओळखता येतो. या बाळांचे हात खेळण्यावर होते, ठोके मात्र चढलेलेच. म्हणजे खेळ चाललाच नव्हता, आतली घालमेल दाबली जात होती. पुढे १९९३ साली जर्मनीत अशा बाळांच्या लाळेत कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरकही वाढलेलं आढळलं. अर्थात, एका संध्याकाळवरून कुठल्याच मुलावर शिक्का मारू नये. ते दमलेलंही असतं.

मुलगा आईचा, मुलगी बापाची, असा फरक या प्रयोगात दिसत नाही. ग्लासगोतल्या ६० बाळांच्या १९६४ सालच्या अभ्यासात दीड वर्षापर्यंत बहुतेकांना एकाहून जास्त माणसांचा लळा लागला होता, त्यात वडीलही होते. आपल्याकडे मूळ नक्षत्रावरचं बाळ म्हणून बापाला त्याचं तोंड बघू न देणारी घरं अजून आहेत. लळा लागायच्या दिवसांत बापालाच दूर ठेवायचं, याचा मला संताप येतो.

त्या आईने मुलीला ओढलं नाही. पर्स बाजूला ठेवून तिच्याशेजारी फरशीवर बसली. पाचेक मिनिटांनी एक लाल ठोकळा आईच्या मांडीवर आला.