पहिलीच गिटार जुनी जपानी घेताय? पैसे देण्याआधी हे वाचा

आमच्या पुण्यातल्या दुरुस्तीच्या टेबलावर जुन्या जपानी इलेक्ट्रिक गिटार नेहमी येतात. कुणाची बहीण टोकियोत नोकरीला असते, ती सुट्टीवर येताना ओचानोमिझूच्या गिटारबाजारातून एखादी घेऊन येते. कुणी मुंबईतल्या जुन्या वादकाकडून घेतलेली असते. वाद्य देखणं असतं, घेणारा शिकाऊ असतो, आणि आमच्यापर्यंत येताना पैसे देऊन झालेले असतात. हे पत्रक त्याआधी हातात पडावं म्हणून छापलं आहे.

आमचं मत आधीच सांगतो. शिकाऊ माणसाने नाव, साल आणि विकणाऱ्याने सांगितलेला इतिहास बाजूला ठेवून आधी नेक, म्हणजे तारा दाबायचा लांब दांडा, बघावी. नेक सरळ, फ्रेट (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) शाबूत आणि ट्रस रॉड (नेकचं वळण कमी-जास्त करणारा आतला धातूचा दांडा) फिरता असेल, तर उरलेलं जवळजवळ सगळं बेताच्या खर्चात दुरुस्त होतं. नेकच पिळलेली असेल, तर वरचं नाव कितीही मोठं असो, शिकताना बोटं दुखतात, सूर लागत नाही, आणि शिकणाऱ्याला वाटतं की आपल्यालाच जमत नाही. दोन महिन्यांत गिटार कपाटावर जाते. हे आम्ही फार वेळा पाहिलं आहे आणि दर वेळी वाईट वाटतं.

कुठल्या काळातली घ्यावी

1965 मध्ये द व्हेंचर्स या अमेरिकन बँडने जपानचा दौरा केला आणि तिथे इलेक्ट्रिक गिटारची मोठी लाट आली. टेस्को, गुयाटोन यांसारख्या कंपन्यांच्या त्या काळच्या गिटार ओळखू येतात: तीन-चार पिकअप (तारांचा आवाज विजेत पकडणारे चुंबक), स्विचांची रांग, चकचकीत पत्रा. त्यांचा आवाज खास आहे आणि त्यांचे चाहते जगभर आहेत. पण अनेकींची नेक जाड असते, ब्रिज (अंगावर तारा टेकतात तो भाग) हलतो, काहींना फिरवता येईल असा ट्रस रॉडच नसतो. दुसरी किंवा तिसरी गिटार म्हणून जरूर घ्या, पहिली म्हणून नको.

सत्तरच्या दशकाच्या पहिल्या निम्म्यात गिब्सन आणि फेंडर या अमेरिकन कंपन्यांच्या गिटारींच्या नकला निघाल्या. त्यात चांगल्या-वाईट दोन्ही आहेत. गिब्सनच्या लेस पॉल मॉडेलच्या आकाराच्या काही स्वस्त गिटारींवर वरचा फुगीर भाग म्हणजे दाबून वाकवलेलं प्लायवूड असतं आणि त्याखाली पोकळी असते. बोटाने टकटक केली की कळतं. अशी गिटार वाजत नाही असं नाही, पण भरीव लाकडाच्या दराने घेऊ नका.

आम्ही शिकाऊ ग्राहकांना सुचवतो ती साधारण 1977 ते 1987 या दहा वर्षांतली गिटार. त्यामागचं कारण जपानच्या नागानो प्रांतातल्या मात्सुमोतो या गावात आहे. डोंगरांनी वेढलेलं हे गाव लाकूडकामाचं. मात्सुमोकु ही तिथली कंपनी सिंगरच्या शिलाई मशीनची लाकडी कपाटं बनवायची; तेच कसब आणि तीच यंत्रं पुढे गिटारींना लागली. तिथेच 1960 मध्ये फुजीगेन सुरू झाली. शिनिची सुझुकी मुलांना व्हायोलिन शिकवत होते तेही याच गावात, म्हणजे वाद्यांची हवा होतीच. मात्सुमोकुने आरिया प्रो टू आणि वेस्टोन बनवल्या, जपानी एपिफोनही तिथूनच निघाल्या. फुजीगेनने आयबानेझ, ग्रेको आणि 1982 पासून फेंडर जपान बनवल्या. हामामात्सुला यामाहा आणि टोकाई होत्या. एकेका कारखान्यात अनेक ब्रँडांचं काम चालायचं, त्यामुळे साधी मॉडेलं आणि महागडी मॉडेलं एकाच कारागिरांच्या हातून जात. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात या कारखान्यांनी नकलेपलीकडे जाऊन स्वतःचं डिझाइन उभं केलं. 1976 ची यामाहा एसजी2000 त्याचं ठळक उदाहरण. ती कार्लोस सांताना यांच्या हातात जगाने पाहिली.

हा काळ संपला त्याला बऱ्याच अंशी चलन कारणीभूत ठरलं. सप्टेंबर 1985 च्या प्लाझा करारानंतर येन झपाट्याने महागला, जपानी गिटार निर्यातीला परवडेना आणि स्वस्त मॉडेलं कोरियात बनू लागली. मात्सुमोकु 1987 मध्ये बंद झाली.

यातली नेमकी कुठली? आयबानेझची रोडस्टार टू, वेस्टोनची थंडर वन, आरिया प्रो टूची साधी मॉडेलं आणि यामाहाच्या बोल्टने जोडलेल्या नेकच्या गिटार अजूनही रास्त भावात मिळतात आणि शिकायला उत्तम आहेत. 1982 ते 84 च्या, जेव्ही अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या, फेंडरच्याच स्क्वायर ब्रँडच्या गिटार अप्रतिम आहेत, पण त्यांचा भाव आता संग्राहक ठरवतात. शिकायला तेवढे पैसे घालायची गरज नाही.

"लॉसूट गिटार आहे" असं कुणी सांगितलं तर

लॉसूट म्हणजे कोर्टातला दावा, आणि दावा झाला होता हे खरं. गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिनने 1977 मध्ये आयबानेझच्या अमेरिकेतल्या कंपनीवर फिलाडेल्फियाच्या कोर्टात दावा लावला. वाद हेडस्टॉकच्या, म्हणजे नेकच्या खुंट्या असलेल्या टोकाच्या, आकाराचा होता, आणि आयबानेझने तो आकार त्याआधीच बदलायला घेतला होता. 1978 मध्ये कोर्टाबाहेर समेट झाला. म्हणजे हा एका ब्रँडचा आणि एका आकाराचा मामला. तरी आज कुठलीही जुनी जपानी नक्कल "लॉसूट" म्हणून चढ्या भावाने विकली जाते. या शब्दासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

त्यापेक्षा मॉडेल क्रमांक जास्त कामाचा. त्या काळी अनेक जपानी ब्रँड मूळ किंमतच क्रमांकात घालत. ग्रेकोची ईजी-500 म्हणजे 50,000 येनची, टोकाईची एलएस-80 म्हणजे 80,000 येनची. दोन गिटार दिसायला सारख्या असल्या तरी लाकूड आणि पिकअप कुठल्या दर्जाचे, याचा अंदाज इथेच येतो. आयबानेझवर 1975 ते 1986 या काळात बहुतेक वेळा एक अक्षर आणि सहा आकडे दिसतात: अक्षर महिन्याचं, पुढचे दोन आकडे सालाचे. एफ78 ने सुरुवात असेल तर जून 1978. क्रमांक नेकवर किंवा नेकप्लेटवर (नेकच्या जोडावरच्या मागच्या धातूच्या पट्टीवर) असतो आणि हे दोन्ही भाग बदलता येतात, म्हणून त्याला पुरावा मानू नका.

हातात घेतल्यावर

गिटार डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरा आणि नेकच्या कडेने बघा. दोन्ही कडा सारख्याच वळणाच्या दिसल्या पाहिजेत. एक कड एकीकडे आणि दुसरी दुसरीकडे जात असेल, तर नेक पिळलेली आहे. ती परत ठेवा. मग जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी किती फट राहते ते बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावं इतकी, म्हणजे 0.2 ते 0.3 मिमी, असेल तर छान.

ट्रस रॉडची चौकशी विकणाऱ्याकडे न लाजता करा. त्याचा नट थोडा फिरवून दाखवा म्हणा. तो आधीच पूर्ण आवळलेला असून नेक तरीही वाकलेली असेल, तर पुढे जायला वाव नाही. स्वतः जोर लावू नका, चाळीस वर्षांचा दांडा तुटतो.

फ्रेटवर तारांखाली खाचा पडलेल्या असतात. उथळ खाचा घासून निघतात. फ्रेटच बसके, 0.6 मिमीच्या खाली आलेले असतील, तर ते नव्याने बसवावे लागतील आणि तो खर्च कधी कधी गिटारच्या किमतीएवढा होतो. आधी वजा करा, मग भाव करा.

बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची 2 मिमीच्या आसपास हवी, बारीक तारेची 1.5. जास्त असेल तर ब्रिज खाली घेता येतो का ते बघा. ब्रिज आधीच तळाला टेकलेला असेल, तर बोल्टच्या नेकखाली पातळ पट्टी घालून काम होतं. चिकटवलेल्या नेकला तो उपाय नाही, म्हणून पहिल्या गिटारसाठी आम्ही बोल्टची नेक पसंत करतो.

खरखरणारे नॉब, सैल जॅक, गंजलेले स्क्रू यांना घाबरू नका. सुटे भाग मात्र मेट्रिक मापाचे असतात आणि बाजारात मिळणारे अमेरिकन मापाचे भाग बसतीलच असं नाही. मूळ भाग फेकू नका. ऐंशीच्या दशकातल्या लॉक होणाऱ्या ट्रेमोलोपासून (दांडीने सूर वर-खाली करणाऱ्या ब्रिजपासून) नवख्यांनी लांब राहावं. तार बदलायला वेळ जातो, आणि तुटलेला भाग मिळेलच याची खात्री नाही. वजनही बघा. त्या काळच्या काही गिटार चार किलोंच्या वर भरतात. पट्टा लावून पाच मिनिटं उभे राहा, खांदा लगेच सांगतो.

इथे आणल्यावर

गिटार थेट विजेवर चालत नाही, पण तिचा आवाज मोठा करणारा अँप चालतो. जपानमध्ये घरातली वीज 100 व्होल्टची, आपली 230 ची. जपानी अँप सरळ आपल्या प्लगला लावला तर जळतो. योग्य क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर घ्या, नाहीतर अँप इथेच घ्या. ते स्वस्त पडतं.

पाऊस जपानलाही असतो, जून-जुलैत तिथलीही हवा दमट होते. चाळीस पावसाळे सरळ राहिलेली नेक कोकणातही सहसा तग धरते. तरी मुंबई, रत्नागिरी, गोव्यातल्या ग्राहकांनी पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि शेवटी एकदा ट्रस रॉड तपासून घ्यावा. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या कापडाने पुसाव्यात.

कुरियरने मागवणार असाल तर जुन्या मालाचे नियम आणि कस्टमची आकारणी आधी कुरियर कंपनीकडून लेखी घ्या.

आमच्याकडे

विकत घेण्याआधी फोटो पाठवा, आम्ही बघून मोकळेपणाने सांगू. त्याचे पैसे घेत नाही. सहा फोटो लागतात: हेडस्टॉक पुढून आणि मागून, नेक कडेने, पहिल्या पाच फ्रेटचा जवळून, ब्रिज बाजूने, आणि नेकप्लेट. पिकअपच्या पोकळीतला फोटो मिळाला तर फारच उत्तम. गिटार आणताना सगळे सुटे स्क्रू पिशवीत घालून आणा, जुन्या तारा काढू नका. तार चढलेली असतानाच नेकचं वळण आम्हाला नीट दिसतं. पहिल्या सेटअपला, म्हणजे गिटार वाजवण्याजोगी जुळवून घेताना, आम्ही 9 ते 42 च्या (इंचाच्या हजाराव्या भागात जाडी) हलक्या तारा लावतो. सेटअप होईपर्यंत समोर बसून बघायला आणि विचारायला कुणालाही मुभा आहे, लहान मुलांना तर खास.