शहरी हिवताप (नवी मुंबई व ठाणे परिसर)

शहरात साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढणाऱ्या ॲनोफेलिस स्टीफेन्सी या डासाची मादी चावून पसरणाऱ्या मलेरियाला शहरी हिवताप म्हणतात. खेड्यापाड्यांत हिवताप पसरवणारा ॲनोफेलिस क्युलिसिफेसीज ओढे, पाट आणि डबकी धरून राहतो. स्टीफेन्सीला मात्र गच्चीवरची उघडी टाकी, जुनी विहीर किंवा पाण्याचे पिंपही पुरते. म्हणूनच या आजाराचे खापर गटारावर फोडण्यात अर्थ नाही. गटारात वाढणारे डास बहुतेक क्युलेक्स जातीचे असतात आणि ते मलेरिया पसरवत नाहीत.

टाकीत टॉर्च मारून पाहिले तर ॲनोफेलिसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून आडवी पडलेली दिसते. क्युलेक्सची किंवा डेंग्यू पसरवणाऱ्या एडिसची अळी डोके खाली करून तिरकी लोंबते. सावली पडली की अळ्या झटकन तळाशी जातात, त्यामुळे तपासणीला आलेला कर्मचारी घाई करत नाही. तो लांब दांड्याची पळी हळूच तिरकी बुडवतो आणि अळ्या पुन्हा वर येईपर्यंत थांबतो. आपल्याकडच्या उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा ‘कोरडा दिवस’ पाळण्याचे आवाहन याच हिशेबावर बेतलेले आहे: पाणी सात दिवसांच्या आत ओतून दिले तर अळीचा डास होतच नाही. धूर फवारणीने उडते डास मरतात, टाकीतल्या अळ्यांना काही होत नाही. तरीही नागरिकांची मागणी धुराचीच असते, कारण तो दिसतो.

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० साली झाली. तेव्हापासून वाशी, नेरूळ, ऐरोली, खारघर, उलवे असे एकेक नोड (उपनगर) उभे राहत गेले आणि बांधकाम कधी थांबलेच नाही. ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतही हेच चित्र आहे. स्लॅब टाकल्यावर त्यावर आळे करून दिवसचे दिवस पाणी धरतात. लिफ्टच्या खड्ड्यात आणि तळघरात पावसाचे पाणी तुंबते. मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांबाहेर पिंपे भरून ठेवलेली असतात, कारण तिथे नळ नसतो. झारखंड, ओडिशासारख्या भागांतून येणाऱ्या काहींच्या रक्तात मलेरियाचा परजीवी आधीपासून असतो. यावरून ‘मजुरांमुळे मलेरिया पसरतो’ असे सर्रास बोलले आणि लिहिले जाते. हे अर्धसत्य आहे आणि अन्यायाचेही आहे. परजीवीला माणसाकडून माणसाकडे जायला डास लागतो, आणि तो डास ज्या पाण्यात वाढतो ते पाणी बांधकाम करणाऱ्याच्या ताब्यात असते. खिडकीला जाळी नाही, मच्छरदाणी नाही, अशा खोलीत झोपणाऱ्या मजुरालाच तो आधी चावतो.

साठवलेल्या पाण्याचा हा धोका मुंबईला शंभराहून अधिक वर्षांपासून ठाऊक आहे. १९११ साली डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतील मलेरियाचा अहवाल लिहिला, त्यात शहरातल्या विहिरींवर बोट ठेवले होते. पुढे १९५३ च्या राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रमाचा आणि १९५८ च्या निर्मूलन कार्यक्रमाचा भर घरांत डीडीटी फवारण्यावर राहिला. देशातील वार्षिक रुग्णसंख्या १९६५ पर्यंत सुमारे एक लाखावर आली, पण १९७६ मध्ये ती पुन्हा ६४ लाखांवर गेली. शहरांकडे झालेले दुर्लक्ष हे त्याच्या कारणांपैकी एक होते. १९७१ च्या शहरी हिवताप योजनेने टाक्यांना घट्ट झाकण, टेमीफॉससारखी अळीनाशके आणि गप्पी मासे यांना महत्त्व दिले.

आज हा डास जगाच्या चिंतेचा विषय आहे. २०१२ मध्ये तो आफ्रिकेतील जिबूतीत आढळला. त्या वर्षी तिथे मलेरियाचे अवघे २७ रुग्ण होते, २०२० मध्ये ७३ हजारांवर गेले. इथिओपिया, सुदान, नायजेरिया, केनिया असा तो पसरत गेला आणि श्रीलंकेतही पोहोचला. आफ्रिकेतील मलेरियाविरोधी मोहिमा औषधी मच्छरदाण्या आणि घरातील फवारणी यांवर उभ्या आहेत. स्टीफेन्सी शहरात राहतो, घराबाहेरही चावतो आणि अनेक कीटकनाशकांना दाद देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये या डासाविरुद्ध स्वतंत्र उपक्रम जाहीर केला. आपल्या शहरांनी पाण्याच्या टाक्यांशी दिलेली दीर्घ झुंज तिथे थेट उपयोगी पडू शकते, आणि महापालिकांच्या जुन्या नोंदी नीट अभ्यासल्या जायला हव्यात.

लस अजून या भागाच्या कामाची नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेली आर-२१ लस फॅल्सिपेरम परजीवीविरुद्ध, मुलांसाठी आहे. मुंबई परिसरात व्हायवॅक्स या मलेरियाच्या दुसऱ्या परजीवीचे रुग्ण जास्त असतात. व्हायवॅक्स यकृतात दबा धरून बसतो आणि काही महिन्यांनी ताप पुन्हा उलटतो. क्लोरोक्विनने रक्तातले परजीवी मरतात, यकृतातल्यांसाठी प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावे लागते. ताप मात्र दोन-तीन दिवसांतच उतरतो, मजूर कामावर जातो, काम संपले की दुसऱ्या साइटवर जातो आणि उरलेल्या गोळ्या तशाच राहतात. प्रायमाक्विनऐवजी टॅफेनोक्विन या औषधाचा एकच डोस पुरतो. अमेरिकेने त्याला २०१८ मध्ये मान्यता दिली. पण ‘जी-६-पीडी’ हे विकर (एन्झाइम) शरीरात कमी असेल तर या औषधाने तांबड्या पेशी फुटतात, त्यामुळे ते देण्याआधी रक्तातील त्याचे प्रमाण मोजावेच लागते. ही चाचणी मजुरांच्या वस्तीवर, ताप आला त्याच दिवशी होईल अशी सोय उभी करणे हे इथल्या आरोग्य यंत्रणेपुढचे काम आहे.