राजगड ते तोरणा एका दिवसात : सॅक भाड्याने नेण्याआधी हे वाचा

सॅक किती लिटरची घेऊ, हा पहिला प्रश्न असतो. या वाटेसाठी 30 ते 35 लिटर पुरे. चढाई राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्यातून आणि उतार तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्ह्यात, त्यामुळे पायथ्याला ठेवलेलं सामान परत हाती लागत नाही. मोठी सॅक घेतली की ती भरली जातेच आणि मग ते सगळं दिवसभर पाठीवर. मुक्कामाच्या बॅगा गाडीत ठेवा आणि गाडी वेल्ह्यात बोलवा. पाण्यासकट वजन 7 किलोच्या आत बसलं पाहिजे. त्यातले 3 किलो नुसतं पाणी आहे, हे धरूनच बाकीचं ठरवा. आपली सोलापुरी चादर घरीच बरी : सुती असते, भिजली की वजन वाढतं आणि डोंगरावर वाळत नाही.

सॅक भरणं आणि चढवणं

जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्याच्या पात्यांच्या उंचीवर हव्यात. पाण्याच्या बाटल्या बाहेरच्या कप्प्यात कोंबल्या की सॅक मागे ओढते, माणूस पुढे वाकतो आणि कंबर धरते. तळाला जादा कपडे. रेनकव्हर असलं तरी आत जाड प्लास्टिकची पिशवी लावा, कारण पाठीकडची बाजू उघडीच राहते आणि पाणी तिथूनच शिरतं.

चढवताना सगळे पट्टे आधी सैल करा. कमरेचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडावर बसवून घट्ट आवळा. मग खांद्याचे पट्टे ओढा, पण सॅक वर उचलली जाईल इतके नाही. छातीचा पट्टा सगळ्यात शेवटी, श्वास मोकळा राहील असा. खांदे दुखत असतील तर दहापैकी नऊ वेळा कमरेचा पट्टा खाली सरकलेला असतो. दुकानात वाळूची पिशवी ठेवली आहे. ती सॅकमध्ये घालून दोन मजले चढून-उतरून पाहा, मगच न्या.

बूट

कपाटात वर्ष-दोन वर्षं पडून राहिलेले बूट वरून नवे दिसतात, पण तळ चिकटवणारा थर कमजोर झालेला असू शकतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर लवकरच. मग नेमका डोंगरधारेवर तळ उघडा पडतो. निघण्याआधी आठवडाभर तेच बूट घालून रोज चाला आणि टाचेशी बोट घालून तळ ओढून बघा. रुंद चिकटपट्टी सोबत असू द्या. नखं कापून या, नाहीतर उतारावर अंगठ्याचं नख काळं पडतं.

दिवसाचा हिशोब

सोलापूरहून सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याला उतरलात तर चालायला लागेपर्यंत दुपार होते. आदल्या संध्याकाळीच गुंजवणे गाठा आणि पहाटे साडेपाचला निघा. चोर दरवाजाने पद्मावती माचीवर यायला सॅकसह दोन ते अडीच तास लागतात. शेवटचा टप्पा कातळाचा आहे, तिथे दोन्ही हात मोकळे हवेत, काठी सॅकला बांधा. माचीवर पाणी भरून शुद्ध करून घ्या. पुढे संजीवनी माचीवरून अळू दरवाजाने उतरून तोरण्याकडे जाणारी डोंगरधार धरायची. धारेवर पाण्याचा भरवसा नाही, सावलीही जेमतेम. तोरण्याच्या बुधला माचीपर्यंत चार ते सहा तास जातात. पावसाळ्यानंतर इथे वाळलं गवत आणि घसारा, म्हणजे पायाखालून सरकणारी सुटी माती-खडी, असते. पाय टाचेवर नाही, पूर्ण तळ टेकवून टाका. दुपारी एकपर्यंत धारेच्या मध्यावर पोचला नाहीत तर पुढे जाऊ नका, वाटेत आडव्या येणाऱ्या गाडीरस्त्यावर उतरा. तोरण्यावरून कोठी आणि बिनी दरवाजाने वेल्ह्यात उतरायला दोन तास. गुडघे बोलतात ते इथेच. म्हणून काठीसाठी वेगळं भाडं आम्ही घेत नाही.

सोबती

चारपेक्षा कमी जण असाल तर ही वाट एका दिवसात करू नका. सगळ्यात हळू चालणारा दुसऱ्या क्रमांकावर, वाट माहीत असलेला पुढे, प्रथमोपचाराची पेटी असलेला शेवटी. फाटा आला की शेवटचा माणूस दिसेपर्यंत थांबायचं. मागचा येऊन पोचला की लगेच निघायचं नाही, त्यालाही पाच मिनिटं बसू द्या. गट फुटतो तो बहुतेक याच कारणाने. हेडटॉर्च आणि शिट्टी प्रत्येकाकडे हवी, गटात एक चालत नाही. अत्तर, डिओ नको, आणि मधमाश्यांच्या पोळ्यांजवळ धूर किंवा आरडाओरडा तर मुळीच नको. आग्या माशा पाठलाग करतात.

खाणं-पाणी

आपली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी याहून टिकाऊ शिदोरी शोधून सापडणार नाही. फक्त नुसती कडक भाकरी तोंडातलं पाणी शोषून घेते, सोबत काकडी किंवा टोमॅटो ठेवा. सोलापूरच्या कोरड्या उन्हात घाम तिथल्या तिथे उडून जातो. सह्याद्रीत पावसाळ्याच्या आगेमागे दमट हवेत तो अंगावरच राहतो, अंग थंड होत नाही, मीठ मात्र जातंच. दिवसात एक लिटर ओआरएस घ्या, पुडीवर लिहिलंय तितक्याच पाण्यात. अर्ध्या पाण्यात घट्ट कालवलं तर मळमळतं. पोटरीत गोळा आला की आधी हेच आठवा.

परत करताना

सॅक धुण्याच्या यंत्रात टाकू नका, आतला पाणीरोधक थर सुटतो. ओल्या फडक्याने पुसा, चटणीचं तेल सांडलं असेल तर साबणाने. वाळवायची ती सावलीत : गच्चीवरच्या उन्हात वाळवलेली सॅक पुढच्या पावसात गळू शकते, आणि तेवढ्यापुरतं डिपॉझिट आम्ही कापतो.